उभ्यानं सांग

शिवकांताआक्काच्या दुकानात बसायला काही नव्हतं. गल्ल्यामागं गादी नाही, गिऱ्हाइकाला बाकडं नाही. सिरसाळ्यातल्या बाकीच्या वाण्यांकडं माणसं टेकून चहा प्यायची, कुणाची पोरगी कुठं दिली ते काढायची. आक्काकडं कुणी साखरेच्या पोत्यावर टेकायला लागलं की ती तराजू धरूनच म्हणायची, "उभ्यानं सांग. काय पाहिजे?"

माझी पिठाची गिरणी तिच्या दुकानासमोर. मधे एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण परवा टीव्हीवर एक डॉक्टर सांगत होता की कॅन्सरवर आता नवीन औषधं निघालीत, ती रोगाला मारत नाहीत, अंगातल्या शिपायांना जागं करतात आणि मग शिपाईच रोगाला मारतात. नात म्हणाली, बघ आजी, काय काय शोध लागतात. मी म्हटलं, हे आपल्या बाजारात शिवकांताआक्कानं रस्त्यात उभं राहून सांगितलंय, तुझी आई लग्न होऊन यायच्या आधी. नातीला ते खरं वाटेना. तिला खरं वाटावं म्हणून लिहिते.

आक्का उंच, हाडकुळी. लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. ते लिंगायत लोक. त्यांच्यात बाईच्याही गळ्यात लिंग असतं आणि ते मरेपर्यंत काढत नाहीत. एका हातानं ती तोलायची, दुसऱ्या हातानं काहीतरी लावायची, पुसायची, सरकवायची. दुकानात काम उरलं नाही की माझ्या गिरणीत यायची आणि गिऱ्हाइकांचे डबे ओळीनं लावायची. मी ओरडायचे, लोकांना आपापला डबा सापडत नाही म्हणून. ती म्हणायची, सापडंल, हुडकू दे, तेवढंच हातपाय हालतील.

तिचे मालक वैजनाथआप्पा अगदी उलटे. जाडजूड, शांत. परळीच्या मोंढ्यातून माल आणायचा आणि मागच्या खोलीत रेडिओ लावून आडवं व्हायचं, एवढं त्यांचं काम. दिवसातून दहादा आतून आवाज यायचा, "अगं, बस की जरा." आक्का म्हणायची, "बसलं की गंजतं."

ती बसायची फक्त सकाळी, पूजेला. अंघोळ करून पाटावर, डाव्या तळव्यावर लिंग घेऊन. तेवढा वेळ बसायची, पण ओठ इतके भराभर हलायचे की जणू बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय. देवालाही उभ्यानं सांग म्हणायची तिची तयारी होती. तसं चालत नसावं. दिंद्रुड तिचं माहेर. तिथं सख्ख्या भाचीच्या लग्नात ही पंगतीला बसलीच नाही. आचाऱ्याला बाजूला सारून बुंदी पाडत राहिली आणि हातात लाडू घेऊन एसटीत चढली. भाऊ रुसला. आक्का म्हणाली, लग्न तुज्या पोरीचं हाय, माजं नव्हं, मी कशापायी बसू?

त्या वर्षांत सगळीच माणसं तिच्यासारखी व्हायला लागली होती. कुणी जागेवर टिकत नव्हतं. एसटीडी फोनचा पिवळा डबा आमच्या कोपऱ्यावर आला, रंगीत टीव्ही आले, पोरांनी शेताचे तुकडे विकून मोटारसायकली घेतल्या. शाम्पू, चहा, तंबाखू सगळं पुडीत यायला लागलं. आक्कानं पहिल्यांदा पुड्यांच्या माळा दुकानाच्या कपाळाला तोरणासारख्या लावल्या. वारं आलं की त्या सळसळायच्या. तिला ते आवडायचं. म्हणायची, दुकान जितं वाटतं.

आता दुखण्याचं सांगते. ते सांगायला आधी एक रीत सांगावी लागेल.

आमच्या घरी महिन्याची पाळी आली की बाईनं बाजूला बसायचं. माझी सासू त्यात फार कडक. माझं पाणीसुद्धा वरून ओतायची. लिंगायतांत तसं नाही. गळ्यात लिंग असलं की विटाळ नाही, बाळंतपणाचं नाही, मेल्याचं सुतक नाही, असं ते मानतात. आक्काला त्याचा लई तोरा. मी परसात पोत्यावर बसलेली असले की ती मुद्दाम भिंतीवरून डोकावायची. "तुमी बसा. आमचं दुकान चालू हाय." ती बोलायची ते मला झोंबायचं, कारण खरं होतं.

पन्नाशी ओलांडली तसं तिचं बंद झालं. आम्ही बायका पहाटे ओढ्याकाठच्या बाभळींच्या आड जायचो, त्यामुळं एकमेकींचं सगळं ठाऊक. बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर एकदा मी बघितलं, ती उठली तिथली माती लाल. मी विचारलं, तुझं गेलतं ना? ती म्हणाली, आलं असंल परत. दुखतं का म्हटलं तर म्हणाली, काहीच न्हाई. पुढच्या वेळी परत तेच. मी म्हटलं, आक्का, दवाखान्यात दाखव. तिनं लोटा उचलला. "रक्ताला तुमी भिता. आमी न्हाई भीत."

झालं ते असं. माझ्या घरात म्हातारपणी असं रक्त दिसलं असतं तर सासूनं पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं. चुकीच्या कारणानं घेतलं असतं, पण घेतलं असतं. आक्काच्या घरात रक्ताला काही किंमतच नव्हती, म्हणून कुणी विचारलंही नाही. रीत चांगली होती, पण त्या रीतीनंच तिचं वर्ष खाल्लं. एक दिवस ती गूळ तोलता तोलता पोट धरून वाकली. लघवीत रक्ताच्या गाठी होऊन वाट बंद झाली होती. तिला वाकलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

औरंगाबादेला लघवीच्या रोगाचा एक तरुण डॉक्टर होता, त्याच्याकडं नेलं. आप्पा दुकान सोडून येईनात, म्हणजे त्यांना दवाखान्याच्या वासानं चक्कर यायची. मी गेले. गिरणी पुतण्यावर टाकली. डॉक्टरनं खालूनच दुर्बीण घालून लघवीच्या पिशवीतली गाठ खरवडून काढली आणि तपासायला पाठवली. कॅन्सर निघाला. त्यानं विचारलं, तंबाखू खाता का? आक्का म्हणाली, छ्या, आमच्यात तंबाखू न्हाई चालत. मी म्हटलं, मिश्री सांग की. ती रोज सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मिश्री दाताला लावायची, आमच्याकडच्या निम्म्या बायका लावतात, पण तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. आक्कानं त्या दिवशी मिश्री सोडली, आणि बायकांना विकायचीही सोडली. पुरुषांच्या पुड्यांच्या माळा तशाच राहिल्या. मी विचारलं तर म्हणाली, बाप्यांचं बाप्ये बघतील.

डॉक्टर म्हणाला, गाठीची जात वाईट आहे, ती परत येणार. दोनच वाटा. एक, लघवीची पिशवी पुरती काढून टाकायची आणि पोटाला भोक पाडून वर थैली चिकटवायची, जन्मभर लघवी त्या थैलीत. दुसरी, आधी एक औषध करून बघायचं. टीबीची लस.

आक्का खाटेवरून उठून उभी राहिली. "थैली लावून लिंग हातात कसं घ्यावं मी?"

तिला मरणाचं काही नव्हतं. रोज सकाळी ती एवढी एकच गोष्ट बसून करायची, आणि मांडीशी मुताची थैली लोंबत असताना ती करता येणार नाही, हे तिच्या डोक्यात बसलं. तिथून पुढं तिचं सगळं चाललं ते थैली टाळायला.

टीबी कावून, असं तिनं विचारलं. डॉक्टर चांगला होता. स्टुलावर बसला आणि नीट सांगितलं. अंगात शिपाई असतात. बाहेरचा जंतू आला की ते त्याला ओळखतात आणि मारतात. ही गाठ बाहेरची नाही, तुमच्याच मांसाची, म्हणून ते तिला घरचं माणूस समजतात. आणि गाठ लबाड असते. ती आपल्या आजूबाजूला असं वातावरण करते की शिपाई तिथं आले तरी हात बांधून उभे राहतात. उलट तिचंच काम करायला लागतात.

आक्का म्हणाली, "म्हंजी गुंडाच्या दारातला हवालदार."

डॉक्टर हसला. "तोच, मावशी. गुंडाचाच चहा पिणारा."

"मंग?"

मग ही टीबीची लस, लहान बाळांच्या दंडात देतात तीच. त्यातले जंतू जिवंत पण अधमेले. टीबीला शिपाई लांबून ओळखतात. ते जंतू पिशवीत सोडले की सगळीकडून नवे शिपाई धावत येतात, दंगा होतो, आणि त्या दंग्यात कधी गाठही सापडते. कधी नाही सापडत. कुणाला गुण येतो, कुणाला का येत नाही, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, असं तो म्हणाला. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, ह्योच बरा. कळत न्हाई म्हणतो, म्हंजी बाकीचं खरं बोलला असंल.

सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा. पहाटेची एसटी, माजलगाव, गेवराई करत दुपारी औरंगाबाद. नर्स बारीक नळीनं औषध पिशवीत सोडायची आणि नळी काढायची. मग दोन तास लघवी धरून खाटेवर पडून राहायचं, आणि थोड्या थोड्या वेळानं कूस बदलायची, पाठीवर, डाव्या अंगावर, उजव्या अंगावर, पालथं, म्हणजे औषध सगळीकडं लागतं.

जी बाई पंगतीत बसली नाही तिला दोन तास आडवं राहायचं. पहिल्या वेळी ती इतकी उलटीपालटी झाली की नर्स ओरडली, अहो आजी, तव्यावरची भाकरी पण कुणी एवढ्यांदा उलटत नाही. आक्का म्हणाली, भाकरीला तू चटका दिलास का एवढा? आत आग होत होती, लघवी धरवत नव्हती, कपाळावर घाम. पण तिनं एक थेंब आधी सोडला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ती कापूस घेऊन जायला लागली. पडल्या पडल्या मांडीवर वाती वळायची, पालथी झाली की उशीवर. वळलेल्या वाती साऱ्या वॉर्डात वाटायची, ज्याला देव नाही त्यालाही.

औषधानंतर दिवसभर लघवीत ते जिवंत जंतू पडतात, म्हणून प्रत्येक वेळी वरून ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतायचं, असं नर्सनं सांगितलं होतं. रात्र औरंगाबादेत काढा, असंही सांगितलं होतं. आक्का कसली राहतेय. पावडरचा डबा आणि पाण्याचा कॅन घेऊन संध्याकाळची एसटी. गेवराई यायच्या आधीच तिला आवरेना. ती उठून ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. गाडी थांबीव म्हणाली. ड्रायव्हर म्हणाला, स्टँड आल्यावर. आक्का म्हणाली, "मला काय, मी हितंच बसते. गाडी तुज्याच हातानं धुवावी लागंल."

गाडी थांबली. वाळूच्या ट्रकांची रांग लागलेली, त्यांच्या पलीकडं झुडपं. ती गेली, मागून मी कॅन घेऊन. बघते तर गाडीतल्या एकजात सगळ्या बायका उतरून आमच्या मागं. औरंगाबादपासून सगळ्या धरून बसलेल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आक्का आपल्या जागेवर पांढरं पाणी ओतायला लागली तशी एक म्हातारी जवळ आली, हात पुढं करून. तिला वाटलं कुठल्या तरी देवाचं तीर्थ आहे. आक्कानं सांगितलं, माज्या मुतात जंतू हायती, त्यांना मारते. म्हातारी पदर सावरून जी पळाली ती गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर तोच होता. त्यानं न सांगता त्याच जागी गाडी उभी केली आणि मागं न बघता म्हणाला, "उतरा, आक्का. बाकीच्यांनीबी."

तिसऱ्या डोसानंतर तिला थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते. आप्पा घाबरून घरातली सगळी पांघरुणं तिच्यावर टाकत होते आणि ती आतून हसत होती. "हवालदार उठला," म्हणाली. डॉक्टरनं सांगितलं होतं, थोडा ताप चांगलाच, पण दुसऱ्या दिवशी उतरला नाही तर फोन करा. दुसऱ्या दिवशी उतरला नाही. एसटीडीच्या डब्यात जाऊन तिनं फोन लावला. लाईन खराब. आक्काला वाटायचं औरंगाबाद लांब आहे तर तेवढं मोठ्यानं बोलावं लागतं. ती ओरडली, "डॉक्टर, टीबी चढलाय. आता काय करू?"

बाहेर फोनला रांग होती. डॉक्टरनं गोळ्या सांगितल्या, ताप उतरला. पण तेवढ्यात गावभर झालं की वाणिणीला क्षय झालाय आणि ती हातानं गूळ तोडून देते.

दुकान ओस पडलं. माणसं माझ्या गिरणीत यायची, समोर बघायची आणि खाली मान घालून दुसऱ्या वाण्याकडं जायची. पुड्या तेवढ्या खपत, कारण त्या बंद. आप्पा म्हणत होते, क्षय तर क्षय म्हणू द्या, कॅन्सरचं नाव काढू नका, ते नाव लई वाईट. मलाही तसंच वाटत होतं. त्या काळात आमच्याकडं तो शब्द कुणी घरात उच्चारायचं नाही.

बाजाराच्या दिवशी, रस्ता माणसांनी भरलेला असताना, आक्का तराजू हातात घेऊन बाहेर आली आणि तिच्या दुकानाच्या आणि माझ्या गिरणीच्या बरोबर मधे उभी राहिली. गिरणी बंद कर म्हणाली मला, आवाज जात न्हाई. मी पट्टा काढला.

"मला टीबी न्हाई," ती म्हणाली. "मला मुताच्या जागी कॅन्सर हाय. टीबीचं पिल्लू डॉक्टरनं त्याच्या अंगावर सोडलंय."

पुढं तिनं सांगितलं ते मला अजून तोंडपाठ आहे. म्हणाली, हितं बाजारात एखादा पाकीटमार हाय. रोज येतो, आपल्यासारखाच दिसतो, हवालदाराला चहा पाजतो. कोण धरतंय त्याला? पण उद्या हितं लांडगा सोडला, तर झोपलेला हवालदार उठंल, सगळा बाजार काठ्या घिऊन धावंल. त्या पळापळीत पाकीटमारबी तुडवला जाईल. माज्या पोटात लांडगा सोडलाय. म्हातारा हाय, दात काढलेला. तुमच्या गुळात येत न्हाई. ज्याला भ्या वाटतं त्यानं पुडी घ्यावी, पण गूळ मीच तोडणार.

कुणीतरी गर्दीतून म्हणालं, आक्का, हवालदार जागा झाला तर आधी आप्पालाच धरंल, दिवसा झोपतात म्हणून. हशा झाला. तेवढ्यात बांगड्या विकणारी म्हातारी चाँदबी पुढं आली, पिशवी उघडली आणि म्हणाली, "पहले गूळ दे, भाषण बाद में दे."

आक्कानं तिला पाव किलो तोलून दिला. मी पट्टा चढवला. संध्याकाळपर्यंत दुकान पहिल्यासारखं झालं असं नाही, काही घरांचं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. पण त्यानंतर बायका तिच्याकडं यायला लागल्या, लाल गेलं म्हणून सांगायला. ती त्यांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, कधीपासून, उभ्यानं सांग, आणि उद्याच जा.

सहा डोस झाले. पुन्हा दुर्बीण घातली. आत स्वच्छ. डॉक्टरलाच जास्त आनंद झाला. मी म्हटलं, पेढे वाट. ती म्हणाली, चोर पळालाय. मेला का कुणाला ठावं.

तीन-चार वर्षं चांगली गेली. मधे मधे दुर्बीण, मधे मधे एखादा डोस. मग गाठ परत आली. डॉक्टर म्हणाला, आता काढून टाकू. आक्का म्हणाली, आजून एकदा लांडगा सोड. तो नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही, आणि त्यानं शेवटचं म्हणून कबूल केलं.

ह्या खेपेला ताप आला नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, ताप यायलाच हवा असं नाही, पण ते तिला पटलं नव्हतं. प्रत्येक डोसानंतर घरी आल्यावर ती वाट बघायची. दुकानातून आत, आतून दुकानात, मग रस्ता ओलांडून माझ्याकडं. गिरणी चालू असताना पिठाच्या धुरळ्यात माझ्यापुढं येऊन वाकायची. "हात लाव. तापलंय का?"

मी पिठाचा हात पुसून तिच्या कपाळाला लावायचे. गार असायचं. गार आहे म्हणायचे. खोटं बोलून तिला काय देणार होते मी? ती म्हणायची, संध्याकाळी यील. संध्याकाळी परत यायची.

शेवटच्या डोसानंतर दुर्बिणीत गाठ दिसली ती पहिल्यापेक्षा मोठी. आक्का दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "रोज लांडगा आला लांडगा आला म्हटलं तर कोण उठतंय. हवालदार परत चहा प्यायला बसला."

आता थैलीशिवाय वाट नव्हती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, काढली तर जगाल, नाहीतर फार नाही. आक्कानं हो म्हटलं नाही. घरी आली आणि कामाला लागली. नणंद येऊन बसली होती. ती सारखं म्हणायची, मुताची थैली लावून लिंगाला शिवायचं, काय पाप लागंल. आप्पा पहिल्यांदा रेडिओ बंद करून दुकानात येऊन उभे राहायला लागले.  नुसते उभे.

भिक्षेला जंगम स्वामी येतात, लिंगायतांचे पुरोहित. ते आले तेव्हा आक्कानं त्यांना ज्वारी वाढली आणि दारातच विचारलं. स्वामी वयस्कर, भला माणूस. त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मठात विचारून सांगतो. मी गिरणीच्या दारात उभी राहून ऐकत होते. आक्का दारातून हलली नाही. सूप हातात तसंच.

मग म्हणाली, "स्वामी, लहानपणी तुमच्यासारख्या स्वामींनीच सांगितलं. पाळीचा विटाळ न्हाई, बाळंतिणीचा न्हाई, मढ्याचा न्हाई, उष्ट्याचा न्हाई. म्हणून मी रक्ताला भ्याले न्हाई, आन् त्यातच माजं वरीस गेलं. मग मुतानं काय घोडं मारलंय?"

नणंद आतून काहीतरी पुटपुटली. स्वामींनी झोळी खांद्यावर नीट केली. "आक्का," ते म्हणाले, "तुमी म्हणता ते बराबर हाय. मठात इचारायची गरज न्हाई."

ऑपरेशन झालं. मोठं होतं, ती पुष्कळ दिवस औरंगाबादेत पडून होती आणि त्या दिवसांत तिनं नर्सांना जो त्रास दिला तो सांगत बसत नाही. घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला मागच्या दारानं गेले. ती पाटावर बसलेली, थैली लुगड्याखालून बाजूला काढून पितळी वाटीत ठेवलेली, लिंग तळव्यावर. ओठ भराभर हलत होते, पहिल्यासारखेच. दूध ठेवून मी निघाले तर डोळे न उघडता म्हणाली, "गिरणी उघड. लोक खोळंबलेत."

थैलीचा एक फायदा तिला लगेच कळला. एसटी थांबवावी लागत नाही. मग तर ती कुठं कुठं जायला लागली, लातूर, नांदेड, पुण्याला भाच्याकडं. एखादी बाई थैली लावून घ्यायला तयार नसली की डॉक्टर हिला बोलवायचा, आणि ही आपल्या खर्चानं जायची. काय सांगायची तिथं ते मला ठाऊक नाही. लुगडं वर करून दाखवत असणार.

ती आणखी काही वर्षं जगली. शेवटी दुखणं छातीत गेलं. धाप लागायची तरी बसायची नाही, दुकानाच्या खांबाला धरून तोलायची. एका सकाळी पूजेला बसली आणि उठली नाही. टीव्हीवर सांगतात ती नवी औषधं, हवालदाराच्या डोळ्यावरची पट्टी काढणारी, तेव्हा असती तर कदाचित. नव्हती.

आमच्यात मेलेल्या माणसाला निजवून नेतात. लिंगायतांत बसवून नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात, लिंग तळव्यावर देऊन. केळीचे खांब लावलेल्या मखरात तिला मांडी घालून बसवलं, पाठीला फळी, कमरेला कापड बांधलेलं. मी गिरणीच्या दारात उभी होते. दुकानाच्या पुड्यांच्या माळा तशाच सळसळत होत्या, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. टेलिफोनच्या तारेसाठी रस्त्यात नाली खणून ठेवलेली, बरोबर तिच्या दुकानाच्या आणि माझ्या गिरणीच्या मधे. मखर खांद्यावर घेतलेली पोरं तरणी, झपाझप चालत आली, आणि पुढच्याचा पाय नालीत गेला.

मखर कलंडलं. आक्का कमरेतून पुढं आली, दोन्ही गुडघ्यांवर भार देऊन, उठायला निघाल्यासारखी. बायका ओरडल्या. पोरं जागच्या जागी थिजली. आप्पा अनवाणी पुढं गेले, हात वर करून त्यांनी तिला मागं फळीला टेकवलं आणि तिच्या कपाळावरची विभूती पुसली गेली होती ती बोटानं नीट केली.

मग पोरांना म्हणाले, "दमानं चाला रे. घाई तिला हाय, तुमाला न्हाई."